हार्मोनयुक्त गर्भनिरोधक थांबवताना : आधी कारण ओळखावे, मग पद्धत ठरवावी

मुंबईत गर्भनिरोधक गोळी सुरू करणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात ‘माला-एन’चे पाकीट मोफत मिळते, ‘अंतरा’ हे तीन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन सरकारी यंत्रणेत उपलब्ध आहे आणि औषधांच्या दुकानात निरनिराळ्या कंपन्यांच्या गोळ्या मांडलेल्या असतात. थांबवणे मात्र बहुतेक वेळा कोणालाही न विचारता घडते. एक पाकीट संपते आणि दुसरे आणले जात नाही. इंजेक्शनची तारीख उलटते आणि कार्ड कपाटातच राहते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये याच शहरात संततिनियमनाचे केंद्र उघडले, त्याला शंभर वर्षे होऊन गेली. एवढ्या काळात साधन कसे सुरू करावे याचे पुष्कळ बोलणे झाले. ते कसे सोडावे याचे बोलणे अजूनही ओपीडीच्या रांगेत आणि शेजारणींच्या कुजबुजीतच अडकलेले आहे.

थांबवू पाहणाऱ्या स्त्रीला अडवावे, असा या लेखाचा हेतू नाही. आपल्या शरीरात काय जावे आणि काय जाऊ नये हे ठरवण्याचा अधिकार तिचा आहे, आणि त्यासाठी तिने कोणाची परवानगी मागण्याचे कारण नाही. मात्र थांबवण्याची कारणे अनेक असतात आणि प्रत्येक कारणाची वाट वेगळी असते. मूल हवे म्हणून थांबणारीने जे करावे, ते डोके दुखते म्हणून थांबणारीने करून चालत नाही. म्हणून पहिले काम म्हणजे आपले कारण एका वाक्यात कागदावर लिहून काढणे. ‘गोळ्या सोसत नाहीत’ एवढे पुरेसे नाही. काय होते, केव्हापासून होते, गोळी घेतल्यावर किती वेळाने होते, हेही लिहावे. हाच कागद पुढे डॉक्टरांसमोर ठेवता येतो.

ताबडतोब थांबवावे अशी लक्षणे

काही त्रासांत पाकीट संपण्याची वाट पाहू नये. एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे, छातीत कळ येणे, अचानक धाप लागणे, पूर्वी कधी झाली नव्हती अशी तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे झगमगत्या रेषा किंवा अंधारी येणे, अंगाची एक बाजू बधिर होणे, जीभ अडखळणे, डोळे पिवळे होणे, यांपैकी काहीही झाले तर गोळी त्याच दिवशी बंद करून थेट रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे, गरज पडल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि आपण गर्भनिरोधक गोळ्या घेत होतो हे तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे. इस्ट्रोजेन हे हार्मोन असलेल्या गोळ्यांमुळे रक्तात गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. तरुण आणि निरोगी स्त्रीच्या बाबतीत तो लहानच असतो. पण गुठळी पायातून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते, म्हणून ही लक्षणे अंगावर काढू नयेत.

याशिवाय काही स्त्रियांना अशा गोळ्या मुळातच योग्य नसतात आणि सुरू करताना कोणी विचारलेले नसते. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक असणे, डोळ्यांपुढे झगमगाट होऊन उठणारी अर्धशिशी, पस्तिशीनंतर विडी-सिगारेट ओढणे, स्तनाचा कर्करोग, यकृताचा गंभीर आजार, बाळ सहा महिन्यांचे होण्याआधी अंगावर पाजत असणे ही त्यांतली मुख्य कारणे होत. मशेरीची सवय असेल तर तीही संकोच न करता सांगावी. रक्तदाब तर महापालिकेच्या कोणत्याही दवाखान्यात मोजून मिळतो, आणि गोळ्या घेणाऱ्या प्रत्येकीने तो अधूनमधून मोजून घ्यायलाच हवा.

त्रास होतो म्हणून थांबवायचे असेल तर

हे कारण सर्वांत जास्त वेळा पुढे येते आणि सर्वांत जास्त वेळा उडवूनही लावले जाते. ‘होईल सवय’ हे उत्तर ऐकून परत आलेली स्त्री पुढच्या वेळी विचारायला जात नाही. ती गुपचूप बंद करते. आमच्या मते यात चूक तिची नसते.

गोळीच्या सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत मधूनच डाग पडणे, मळमळणे, स्तन भरून येणे आणि दुखणे हे नेहमीचे आहे, आणि बहुतेकींचे ते तीन महिन्यांत आपोआप ओसरते. मळमळ होत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घेऊन पाहावी. डाग पडण्यामागे अनेकदा गोळीची वेळ चुकणे हेच कारण असते. विरार किंवा कर्जतहून पहाटेची लोकल पकडणाऱ्या, अथवा आठवड्यात दिवसपाळी आणि रात्रपाळी बदलत राहणाऱ्या स्त्रीला रोज ठरावीक वेळ पाळणे खरोखरच कठीण असते. अशा वेळी दोष शरीराचा नसून साधन आणि दिनक्रम यांचा मेळ न बसण्याचा असतो, आणि उपाय गर्भनिरोधन सोडण्याचा नसून साधन बदलण्याचा असतो.

तीन महिने उलटूनही त्रास तसाच असेल, किंवा तीन महिने थांबणेच असह्य असेल, तर बदल मागावा. मन उदास राहणे, चिडचिड, झोप उडणे, शरीरसंबंधाची इच्छा न होणे यांचा गोळीशी संबंध प्रत्येकीच्या बाबतीत सिद्ध करता येत नाही. पण गोळी सुरू झाल्यावर हे सुरू झाले असे जी स्त्री सांगते, तिचे म्हणणे नोंदवून घेतले गेलेच पाहिजे. जगणे नकोसे वाटू लागले असेल तर गोळी थांबवून त्याच दिवशी मदत घ्यावी. सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

वजनाबाबत मात्र गोळी आणि इंजेक्शन यांत फरक करायला हवा. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशी दोन्ही हार्मोने असलेल्या गोळ्यांमुळे वजन लक्षणीय वाढते, असे आजवरच्या अभ्यासांत दिसून आलेले नाही. ‘अंतरा’ इंजेक्शनवर मात्र काही स्त्रियांचे वजन खरोखर वाढते, आणि वजन हेच सोडण्याचे कारण असेल तर ते पूर्णपणे रास्त कारण आहे.

ऐकीव कारणे

‘अंतरा’ घेणाऱ्या अनेकींची पाळी वर्षभरात बंद होते आणि घरातली मोठी माणसे सांगतात की खराब रक्त आत साठत आहे. ते साठत नाही. इंजेक्शनमुळे गर्भाशयाचे आतले अस्तर पातळच राहते, झडून जाण्याइतके ते तयारच होत नाही, म्हणून रक्त येत नाही. उलट ज्या देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, तिथे पाळीचे रक्त न जाणे किंवा कमी जाणे हा काही जणींच्या बाबतीत फायदाच ठरतो. तरीही पाळी न येण्याने मनाला स्वस्थता लाभत नसेल, तर ते कारणही साधन बदलण्यास पुरेसे आहे. इंजेक्शनच्या दीर्घ वापराने हाडांची घनता थोडी कमी होते हे खरे आहे, आणि बंद केल्यावर ती बहुतांशी भरून येते हेही खरे आहे.

दुसरी समजूत अशी की सतत गोळ्या घेतल्याने शरीराला ‘विश्रांती’ द्यावी लागते, म्हणून सहा महिने घ्याव्यात आणि तीन महिने सोडाव्यात. याला वैद्यकीय आधार नाही, आणि यात नुकसान आहे. रक्ताची गुठळी होण्याचा धोका गोळी नव्याने सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असतो. महिनाभर किंवा त्याहून जास्त खंड पाडून पुन्हा सुरुवात केली की तो वाढलेला धोका पुन्हा पत्करावा लागतो. पती बोटीवर किंवा परगावी नोकरीला असेल आणि तो येईल तेव्हाच गोळी सुरू करायची असा क्रम अनेक घरांत असतो. त्यातही हीच अडचण आहे. शिवाय पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू केली नसेल, तर पहिले सात दिवस गोळीवर विसंबता येत नाही. अशा जोडप्यांना निरोध किंवा तांबी (गर्भाशयात बसवायचे साधन) अधिक सोयीची पडते.

गोळ्यांनी कायमचे वंध्यत्व येते, ही तिसरी समजूतही चुकीची आहे.

एक गोंधळ खास आपल्याकडचा आहे. गौरी-गणपतीत किंवा घरच्या लग्नात पाळी येऊ नये म्हणून दुकानातून जी गोळी आणली जाते, ती नॉरएथिस्टेरॉनची असते. तिने पाळी पुढे जाते, पण त्या पद्धतीने घेतलेली ही गोळी गर्भनिरोधक म्हणून धरता येत नाही. काही जणी रोजची गर्भनिरोधक गोळी बंद करून सणापुरती ही घेतात आणि नंतर दोन्ही सोडून देतात. जी स्त्री रोजच्या पांढऱ्या गोळ्या घेतेच आहे, तिला पाळी पुढे ढकलण्यासाठी वेगळी गोळी बहुधा लागतही नाही. पाकिटातल्या शेवटच्या, हार्मोन नसलेल्या लोहाच्या सात गोळ्या न घेता पुढचे पाकीट सलग सुरू केले तर पाळी लांबते. मात्र ते आपल्या बाबतीत योग्य आहे का, हे डॉक्टरांना आधी विचारून घ्यावे.

दुसऱ्या औषधामुळे थांबवावे लागते तेव्हा

क्षयरोग या शहरात घराघरांत माहीत आहे, म्हणून हे ठळकपणे लिहिणे आवश्यक आहे. क्षयाच्या उपचारातल्या रिफाम्पिसिन या औषधामुळे गर्भनिरोधक गोळीतली हार्मोने शरीरात लवकर नष्ट होतात आणि गोळी रोज घेऊनही दिवस राहू शकतात. क्षयाचा उपचार एक दिवसही थांबवायचा नाही. बदलायचे ते गर्भनिरोधक. तांबी किंवा निरोध वापरावा, आणि क्षयाची औषधे संपल्यानंतरही चार आठवडे गोळीवर भरवसा ठेवू नये. फिनायटॉइन, कार्बामाझेपीन, फेनोबार्बिटॉन या फिटांवरच्या औषधांचाही असाच परिणाम होतो. लॅमोट्रिजिनचे मात्र उलटे आहे. दोन्ही हार्मोनांची गोळी चालू असताना त्याचे रक्तातले प्रमाण घटते आणि गोळी बंद केली की ते वाढते. म्हणून फिटांसाठी लॅमोट्रिजिन घेणाऱ्या स्त्रीने गर्भनिरोधक गोळी सुरू करताना आणि सोडताना आपल्या मेंदूविकार तज्ज्ञांना कळवावे. सर्दी-खोकल्यासाठी मिळणाऱ्या साध्या प्रतिजैविकांनी गोळीचा परिणाम जात नाही.

प्रत्यक्ष थांबवण्याची पद्धत

रोजच्या गोळीच्या बाबतीत, वर सांगितलेली धोक्याची लक्षणे नसतील तर, पाकिटातल्या एकवीस पांढऱ्या गोळ्या पूर्ण करून थांबणे सर्वांत स्वच्छ. शेवटच्या पांढऱ्या गोळीनंतर दोन-चार दिवसांत रक्तस्राव होतो. इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. लोहाच्या गोळ्यांच्या सात दिवसांत जे संरक्षण असते, ते पुढचे पाकीट वेळेवर सुरू होणार असेल तरच. पुढचे पाकीट घ्यायचेच नाही असे ठरले असेल आणि मूल नको असेल, तर शेवटच्या पांढऱ्या गोळीपासूनच निरोध वापरावा, कारण शुक्रजंतू गर्भाशयात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. पाकीट मध्येच सोडले आणि तेही पहिल्या आठवड्यात, तर आधीच्या काही दिवसांतल्या संबंधातूनही गर्भ राहण्याची शक्यता असते. अशा वेळी तातडीची गोळी लागेल का हे लगेच विचारावे. संबंधानंतर बहात्तर तासांच्या आत आणि जितकी लवकर घेतली जाईल तितकी ती परिणामकारक ठरते. पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी त्याहून अधिक खात्रीची असते.

इंजेक्शन दिल्यावर ते अंगातून काढून घेता येत नाही. थांबवणे म्हणजे पुढचे न घेणे. शेवटच्या इंजेक्शनपासून तीन महिने झाले की आपण असुरक्षित आहोत असे समजावे आणि त्या तारखेपासून दुसरे साधन वापरावे, मग पाळी आलेली असो वा नसो. बीजमोचन, म्हणजे बीजकोशातून बीज सुटणे, पाळीच्या आधी होते, त्यामुळे इंजेक्शननंतरची पहिली पाळी येण्यापूर्वीच दिवस राहू शकतात. पाळी नाही म्हणजे धोका नाही, हा हिशेब अनेकींचा इथेच चुकतो.

हार्मोनची तांबी डॉक्टरांकडूनच काढून घ्यावी, धागा ओढून पाहण्याचा प्रयत्न घरी करू नये. काढल्याबरोबर तिचा परिणाम संपतो, म्हणून मूल नको असल्यास काढण्यापूर्वीचे सात दिवस निरोध वापरावा किंवा संबंध टाळावा. दंडात कातडीखाली बसवलेली हार्मोनची कांडी जागा बधिर करून, प्रशिक्षित व्यक्तीकडूनच काढावी लागते.

थांबवण्याच्या दिवशीच पुढचे साधन हातात असणे हे या सगळ्याचे मर्म आहे. कोणतेही साधन न वापरणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी सुमारे पंच्याऐंशी स्त्रियांना वर्षभरात दिवस राहतात. हार्मोनच नको असेल तर तांब्याची तांबी आहे. तिचा एक प्रकार पाच वर्षे आणि दुसरा दहा वर्षे चालतो. सरकारी केंद्रात मिळणारी ‘छाया’ ही आठवड्याची गोळीही हार्मोनची नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेले हे औषध पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा घ्यायचे असते. त्यावर पाळी लांबते, आणि बीजकोशात गाठी असणाऱ्यांना, म्हणजे पीसीओडी असणाऱ्यांना, ती सहसा देत नाहीत.

थांबवल्यानंतर

गोळी सोडल्यावर नैसर्गिक पाळी साधारणपणे चार ते सहा आठवड्यांत येते. सुरुवातीला ती मागेपुढे होते. गोळीने जे झाकलेले असते ते परत दिसू लागते, हे आधीच ठाऊक असावे. पोटातली कळ, जास्त अंगावर जाणे, चेहऱ्यावरचे फोड, हनुवटीवरचे केस यांसाठी ज्यांना गोळ्या दिल्या होत्या, त्यांना गोळ्यांनी आराम पडला होता, मूळ विकार गेलेला नव्हता. विशेषतः पीसीओडी असलेल्या मुलींना ‘सहा महिन्यांचा कोर्स’ म्हणून गोळ्या दिल्या जातात आणि नंतर पाळी पुन्हा चुकू लागली की गोळ्यांनीच बिघडवले असे वाटते. त्यांनी मनाने बंद न करता ज्यांनी दिल्या त्यांच्याकडे जाऊन, बंद केल्यावर पाळीवर लक्ष कसे ठेवायचे हे विचारून घ्यावे. गोळी सोडून तीन महिने झाले तरी पाळी आली नाही, तर आधी लघवीची गर्भचाचणी करावी आणि ती नकारात्मक आली तर स्त्रीरोग तज्ज्ञांना भेटावे.

मूल हवे म्हणून थांबवणाऱ्यांनी फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी गर्भनिरोधक सोडण्याआधीच, निदान महिनाभर आधी, रोज सुरू करावी. फिट, मधुमेह किंवा पूर्वीच्या बाळाच्या मणक्यात दोष असेल तर मात्रा डॉक्टर ठरवतात. गोळी किंवा हार्मोनची तांबी यांनंतर बहुतेकींना लवकर दिवस राहतात. ‘अंतरा’नंतर मात्र शेवटच्या इंजेक्शनपासून सरासरी दहा महिने लागतात, काहींना त्याहून जास्त, म्हणून पुढच्या वर्षी मूल हवे असे ठरले असेल तर इंजेक्शन आताच सोडून मधल्या काळात निरोध वापरणे शहाणपणाचे. एरवी वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर तपासणी करावी, आणि वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच.

चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीने पाळी गेली असे समजून परस्पर थांबू नये. नैसर्गिकपणे शेवटची पाळी येऊन गेल्यावर पन्नाशीआधी दोन वर्षे आणि पन्नाशीनंतर एक वर्ष साधन चालू ठेवावे, असा संकेत आहे. हार्मोनवर असताना येणारी किंवा न येणारी पाळी या मोजणीत धरता येत नाही.

डॉक्टरांशी आणि घरात

केईएम, सायन, नायर, कूपर या महापालिका रुग्णालयांत किंवा जवळच्या प्रसूतिगृहात जाताना पाकीट किंवा त्याचा फोटो, इंजेक्शनचे कार्ड, चालू असलेल्या इतर औषधांची नावे आणि वर सांगितलेला कागद सोबत ठेवावा. गर्दीत दोनच मिनिटे मिळतात. त्यांत ‘मला हे बंद करून दुसरे सुरू करायचे आहे, मधे खंड नको’ हे वाक्य सर्वांत उपयोगी पडते. एका खोलीच्या घरात पाकीट लपवावे लागते म्हणूनही अनेकजणी गोळी सोडतात. हे कारण आरोग्यसेविकेला निःसंकोच सांगावे, कारण तिला ते नवे नसते आणि कोणाला दिसणार नाही असे साधन ती सुचवू शकते. पतीने गोळी थांबवायला सांगितले असेल तर निरोधाची जबाबदारी त्याने घ्यावी, हे त्याला स्पष्ट सांगणे योग्यच आहे.

थांबवल्यानंतर नको असताना दिवस राहिले, तर दुकानातून गोळ्या आणून परस्पर गर्भ पाडण्याचा प्रयत्न करू नये. २०२१ मध्ये सुधारलेल्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार साधन अयशस्वी ठरणे हे वीस आठवड्यांपर्यंत गर्भपाताचे कायदेशीर कारण आहे आणि ते अविवाहित स्त्रीलाही लागू आहे. अठरा वर्षांवरील स्त्रीची स्वतःची लेखी संमती पुरते, पतीची सही कायद्याने लागत नाही, आणि तिचे नाव गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. गर्भपातानंतर दोन आठवड्यांच्या आतही पुन्हा बीजमोचन होऊ शकते, म्हणून पुढचे साधन त्याच भेटीत मागून घ्यावे.